हत्यार, अवजार की नुसतं साधन?

प्रश्न

अश्मयुगावरचा एक मजकूर मराठीत आणतोय. पानोपानी दगडी वस्तू येतात, त्यांना 'हत्यारे' म्हणावं की 'अवजारे', इथे अडलोय. पुरातत्त्वावरच्या मराठी लिखाणात 'दगडी हत्यारे' सर्रास सापडतं. पण दोन पानं मुलीला वाचून दाखवली तर तिने विचारलं, "हे लोक सारखे मारामाऱ्याच करायचे का?" पुढचं प्रकरण चिंपांझींचं आहे. तिथे गवताच्या काडीला हत्यार म्हणायला जीभ रेटत नाही.

प्रतिसाद १

मुलीचा प्रश्न रास्त आहे, पण शब्द बिचारा निर्दोष आहे. 'हत्यार'मध्ये हत्या नाही, हात आहे. संस्कृत 'हस्त', प्राकृत 'हत्थ', त्याच घरातला हा शब्द. हातात धरून काम करायचं ते हत्यार. सुतार अजूनही करवत-पटाशीला हत्यारंच म्हणतो, आणि त्याने कुणाचा खून केलेला नसतो. बातम्यांमध्ये मात्र हत्यार एक तर उपसलं जातं, नाही तर जप्त होतं. त्यात शेजारी 'हत्यारा' उभा. तो खरोखरच हत्येतून आलेला, त्यामुळे हाताचा माग पार पुसला गेला.

तरीही आजच्या वाचकासाठी मी 'अवजार' लिहीन. कारण व्युत्पत्ती नव्हे, खुद्द वस्तू. गारगोटीच्या कडेवर दुसऱ्या दगडाने तिरका घाव घातला की टरफलासारखा पातळ छिलका सुटतो. घाव बसला त्या टोकाशी, छिलक्याच्या पोटाच्या बाजूला, बोटाला जाणवेल असा फुगवटा येतो आणि तिथून तळ्यात खडा टाकल्यासारख्या लाटा पसरतात. एवढ्यावरून दगड कोणत्या बाजूने फोडला ते कळतं. तो वापरला कशासाठी, हे धारेवरून कळतं. अभ्यासक स्वतः तसेच छिलके काढतात, त्यांनी मांस कापतात, कातडं खरवडतात, लाकूड तासतात, आणि धारेवर आलेली झिलई सूक्ष्मदर्शकाखाली जुन्या छिलक्यांशी ताडून बघतात. प्रत्येक कामाची झिलई वेगळी. ही सगळी रोजची कामं आहेत, लढाया नाहीत. मग 'हत्यार' लिहून वाचकाच्या डोळ्यांपुढे रणांगण कशाला उभं करायचं?

जाता जाता: 'होमो हॅबिलिस' हे आदिमानवाच्या एका प्रजातीचं नाव 1964 साली दिलं गेलं. त्यातल्या हॅबिलिसचा अर्थ कुशल, हाताचा तयार. 'कुशल मानव' चालेल, पण त्यात हात सुटतो. 'हातखंडा' शब्द असा वापरता आला असता तर बहार आली असती!

प्रतिसाद २

'अवजार' सरसकट नको. अवजार म्हणजे घडवलेली वस्तू. पश्चिम आफ्रिकेतले चिंपांझी दगडाने कठीण कवचाची फळं फोडतात, तो दगड त्यांनी घडवलेला नसतो, निवडून उचललेला असतो. त्याला 'साधन' म्हणा. आयव्हरी कोस्टमधल्या ताई अरण्यात अशी फोडाफोड झालेली सुमारे 4300 वर्षांपूर्वीची जागा उत्खननात मिळाली आहे. म्हणजे पुरातत्त्व आता फक्त माणसाचं राहिलेलं नाही.

तुमची गवताची काडी मात्र थोडी अवघड. 1960 साली टांझानियातल्या गोम्बेमध्ये चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडाल यांनी पाहिलं, की चिंपांझी काडी वारुळात घालतो, तिला चिकटलेली वाळवी चाटून खातो. डहाळी घेतली तर आधी तिची पानं ओरबाडून काढतो. पानं काढली की ते घडवणं झालंच ना? त्यामुळे पानं काढलेली डहाळी अवजार आणि नुसती उचललेली काडी साधन, असा माझा हिशोब.

आणि 'हत्यार' मोडीत काढू नका. सेनेगलमधल्या फोंगोली इथले चिंपांझी फांदी सोलून, कधी दातांनी टोक काढून, ती झाडाच्या ढोलीत खुपसतात. आत बुशबेबी हा छोटा प्राणी झोपलेला असतो. हे निरीक्षण 2007 साली प्रसिद्ध झालं. तिथे बेलाशक हत्यार लिहा, आजच्या अर्थाने.

प्रतिसाद ३

उचललं ते साधन, घडवलं ते अवजार, हे छान. पण ब्राझीलमधली कॅपुचिन माकडं त्यात बसवा बघू. ती दगडावर दगड आपटतात, तुटलेला दगड चाटतातसुद्धा. त्यातून धारदार छिलके उडतात, अगदी आदिमानवाने काढले असावेत असे, पण माकडं त्यांना हात लावत नाहीत. 2016 मध्ये हे प्रसिद्ध झाल्यापासून, जुन्या थरात चार छिलके मिळाले म्हणून तिथे माणूस होता असं म्हणायची सोय राहिली नाही. हे घडलेलं आहे, पण घडवलेलं नाही.

आणि एक विनंती, त्या चिंपांझींना माकड करू नका. आपल्याकडे तांबड्या तोंडाचं ते माकड, काळ्या तोंडाचं ते वानर. दोघांनाही शेपूट आहे, चिंपांझीला नाही. बिनशेपटीच्या मंडळींसाठी 'कपी' वापरतात, संपूर्ण गणाला 'नरवानर गण'. संस्कृतात कपी म्हणजे माकडच, हे ठाऊक आहे, पण परिभाषेत चालतं.

प्रश्नकर्ता

ब्राझीलच्या तुकड्यांना 'कपच्या' म्हणतो. पाथरवटाच्या पायाशी पडतात तशा. कपची कुणी मुद्दाम काढली की आपसूक उडाली, याबद्दल तो शब्द काहीच बोलत नाही, तेच हवं होतं. छिलका मात्र माणसाने काढलेलाच. बाकी ठिकाणी अवजार, चिंपांझीच्या दगडाला साधन, फोंगोलीला हत्यार.

आता 'हातकुऱ्हाड' उरली. तळहातात मावणारा, थेंबाच्या आकाराचा दगड, ना दांडा ना पातं. मुलगी विचारणार, कुऱ्हाड कुठे आहे?