शब्द हवा : ‘शेअर्ड इन्फ्रास्ट्रक्चर’

फोंड्याची अनुवादक
डिचोली-सत्तरीकडचे काही लहान काजू कारखानदार मिळून एक व्यवस्था उभी करताहेत. बी वाफवून फोडणारे वेगळे, सोलून प्रतवारी लावणारे वेगळे, टिन भरणारे वेगळे, शिवाय टेम्पोवाले आणि पणजी-म्हापशाची दुकानं. हिशेब ज्याचा त्याच्याकडेच राहील, पण मागणी, शिल्लक माल आणि पोच एकाच ठिकाणी दिसेल. त्यांची माहितीपुस्तिका मी मराठीत करतेय. ‘शेअर्ड इन्फ्रास्ट्रक्चर’ला ‘सामाईक पायाभूत सुविधा’ लिहिलं. बैठकीत वाचून दाखवलं, तर एका ज्येष्ठ कारखानदारांनी विचारलं, “रस्ता की पाण्याची टाकी? मग अर्ज पंचायतीकडे करायला हवा.” पुढे सगळं बोलणं पंचायतीवरच गेलं. दुसरा अडलेला शब्द ‘इंटरऑपरेबिलिटी’, म्हणजे वेगवेगळ्यांच्या सिस्टीम एकमेकींशी जुळून चालणं. सुचवा.

शब्दशोधक
आधी एक आनंद व्यक्त करतो, की तुम्ही ‘सामाईक’ लिहिलंत. ‘सामयिक’ म्हणजे काळाला धरून असलेलं, ‘सामायिक’ हे जैनांचं व्रत, आणि भागीदारीतलं ते ‘सामाईक’. परीक्षांच्या नावात ‘सामायिक’ छापून छापून तिन्हींची सरमिसळ झाली आहे. ‘इंटरऑपरेबिलिटी’साठी ‘आंतरकार्यक्षमता’ घ्या. सुरुवातीला जड वाटेल. सावरकरांनी दिलेले ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ही लोकांना जडच वाटले होते, आज कोणी अडखळत नाही.

म्हापसेकर
माझं कामच हे आहे, म्हणून सांगतो. २०१६ साली यूपीआय आलं. गिऱ्हाईकाची बँक एक, दुकानदाराची दुसरी, मोबाइलवरचं अ‍ॅप तिसऱ्याचं, तरी पैसे पोचतात. मासळी बाजारातल्या बाईला त्या गुणाचं नाव लागलं नाही, “कुठल्याही अ‍ॅपवरून चालतं” एवढं पुरलं. २०२१च्या डिसेंबरअखेर स्थापन झालेल्या ओएनडीसीमागचा, म्हणजे ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या खुल्या जाळ्यामागचा विचार तोच, विकत घेणाऱ्याचं अ‍ॅप आणि विकणाऱ्याचं अ‍ॅप वेगळं असलं तरी बोलण्याचे नियम एक. ‘आंतरकार्यक्षमता’ वाचून मला कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांची कार्यक्षमता आठवते. त्यापेक्षा ‘कुठूनही चालणं’ लिहा.

आणि ताई, सर्व्हर उभा करणं यातलं सोपं काम. अवघड आहे ते एकाच मालाला सगळ्यांनी एका नावाने ओळखणं. डब्ल्यू-३२० ही काजूची एक प्रत, म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर. पण एक नोंदवतो ‘३२०’, दुसरा ‘मीडियम’, तिसरा ‘अख्खा, दोन नंबर’. यंत्राला ते तीन वेगळे माल वाटतात.

डिचोलीकार
नावाचं सोडा, मापाचं बघा. मी याच धंद्यात आहे. जुने निर्यातीवाले टिन म्हटलं की २५ पौंड धरतात, म्हणजे ११.३४ किलो. इथल्या दुकानांना माल देणारे १० किलोचा टिन भरतात. आम्ही पहिल्यांदा एकत्र यादी केली तेव्हा दोघांनी प्रत्येकी ४० टिन लिहिले. बेरीज ८०. दुकानदाराने सगळे मोठे टिन समजून ९०७ किलोंचा हिशेब धरला आणि काट्यावर साडेआठशेच्या आसपास भरले. पन्नासावर किलो गेले कुठे? चोरी कोणी केली हा प्रश्न आधी आला, टिनाचा आकार त्यानंतर. दोन घरांचं बोलणं त्या दिवसापासून कमी झालं. आता आम्ही यादीतून ‘टिन’ शब्दच काढलाय, फक्त किलो.

शब्दशोधक
जुनी मापंही अशीच. खंडी म्हटलं की घाटावर वीस मण, गोव्यात वीस कुडव. म्हणूनच म्हणतो, शब्द नेमका हवा. ‘चालणं’, ‘जमणं’ असे मोघम शब्द वापरले की टिनासारखीच गत होते.

म्हापसेकर
नेमकेपणा व्याख्येतून येतो, संस्कृतातून नाही. ‘टिन’ परका होता म्हणून बिघडलं नाही, ‘माप’ लिहिलं असतं तरी तेच झालं असतं.

खाजनकाठ
आमच्या आजीकडे यासाठी शब्द होता, गावकारी. जमीन गावची, शेतं पावणीला लावायची, बांध आणि मानस (बांधातलं पाण्याचं दार) सगळ्यांनी सांभाळायची आणि उरलेल्यातून प्रत्येकाला जण, म्हणजे वाटा मिळायचा. पोर्तुगीजांनी त्याच ‘जण’चं ‘जोनो’ केलं. सामाईक यंत्रणेला याहून आपला शब्द कुठला?

फोंड्याची अनुवादक
शब्द फार आवडला. पण वाचणारा कोमुनिदादच्या (गावकारीचं पोर्तुगीज नाव) जमिनीचं समजेल, आणि आजच्या गोव्यात तो विषय निघाला की काजू बाजूला राहतील.

कुळागरची लेक
मला त्याहून मोठी अडचण दिसते. गावकारीत जण मिळायचा तो गावकाराच्या मुलाला. मुलीला नाही, बाहेरून येऊन राहिलेल्याला नाही. या व्यवस्थेत उद्या सांग्याहून एखादी बाई बचतगटाचे काजू घेऊन आली तर तिला दार उघडं आहे का? पुस्तिकेत हे पहिल्या पानावर लिहिलेलं हवं. आत कोण येऊ शकतो, बाहेर पडताना आपली नोंद घेऊन जाता येते का, नवीन माणसाने आधीच्या खर्चातला किती वाटा द्यायचा. या प्रश्नांची उत्तरं नसतील तर नाव कितीही गोड ठेवा, दोन मोठे कारखानदार ही व्यवस्था आपल्या खिशात घालतील.

खाजनकाठ
तुमचं म्हणणं मान्य, पण मानशीचा धडा तरी घ्या. भरतीला मानशीची फळी पाण्याच्या दाबाने बंद होते, ओहोटीला उघडते, खारं पाणी शेतात शिरत नाही. १९६४च्या कूळ कायद्यानंतर बांध कुळांच्या संघटनांकडे आले. भात करणाऱ्याला मानस नीट बंद हवी, आणि मासळीची पावणी घेणाऱ्याला खारं पाणी आत आलेलं परवडतं. काही ठिकाणी बांध फुटला तो या दोघांचं पटलं नाही म्हणून. तुमच्या यादीतही टेम्पोवाल्याचा फायदा आणि टिनवाल्याचा फायदा एक नसणार. दुरुस्तीचा पैसा कोणाचा आणि फळी कोणाच्या हातात, हे आधी ठरवा. (‘मानस’ हा शब्द ‘मान’वरून आला असावा असं मला वाटतं, पाण्याचं मान राखणारी ती मानस.)

डिचोलीकार
फळी कोणाच्या हातात, हेच आमचं भांडण आहे. माझ्याकडे किती गर पडून आहे हे शेजाऱ्याला दिसलं तर तो दुकानदाराला भाव पाडून देणार. म्हणून अर्धे लोक खरा आकडा भरतच नाहीत, आणि खोट्या आकड्यांच्या यादीचा उपयोग काय? तोडगा म्हणून ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढंच दाखवायचं ठरतंय. मागणी आल्यावर किती किलो ते फक्त त्या दोघांना दिसेल.

शब्दशोधक
‘मान’ची व्युत्पत्ती मला पटत नाही, स्वतंत्र धागा काढतो. मूळ प्रश्नासाठी ‘सामाईक यंत्रणा’ कशी वाटते? ‘पायाभूत’ काढलं की रस्ता आणि टाकी दोन्ही जातात.

म्हापसेकर
‘यंत्रणा’ म्हटलं की सरकारी यंत्रणा. ‘सगळ्यांची सिस्टीम’ लिहा, डिचोलीत तेच बोलतात.

शब्दशोधक
बोलतात ते सगळं छापायचं असेल तर अनुवादकाची गरज काय? ‘सिस्टीम’ लिहायला माझा विरोध आहे आणि राहील. गोव्यात मराठी टिकवायला माणसांनी काय काय सोसलंय ते तुम्हालाही माहीत आहे.

रत्नागिरीकर
मध्येच विचारतो. वर खाजनकाठ यांनी दोनदा ‘पावणी’ म्हटलंय, ती म्हणजे लिलावच ना? आमच्याकडे ‘पावणी’ म्हटलं तर घरी आलेली पाहुणी समजतील.

डिचोलीकार
हो बाब, लिलावच. फेणीसाठी काजूचे झोन (बागांचे पट्टे) देतात त्यालाही आम्ही पावणीच म्हणतो. ‘लिलाव’ म्हटलं की इथे कर्ज थकून घर गेल्यासारखं वाटतं.

कुळागरची लेक
‘लिलाव’ही पोर्तुगीजच की, ‘लेइलांव’वरून. मग आपलं मराठी नेमकं कुठलं? आणि ‘पावणी’ ही ‘पावणे’ म्हणजे मिळणे, यावरूनच ना? सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे हा शब्द चालतो का, कोणी सांगेल?