गेलेल्यांची नावं वाचायची आहेत, पण रजिस्टरात नसलेल्यांचं काय?

पूर्णाकाठची_बाई

सलाम सगळ्यांना. आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यातलं, पूर्णेजवळचं. मंडळी पस्तीसेक घरांची. चर्चच्या पाटीवर बॅप्टिस्ट असं लिहिलेलं नाही, पण रीत तीच. तान्ह्या लेकरावर पाणी शिंपडत नाहीत. जाणतं झालं, आपल्या तोंडानं कबुली दिली, की मग नदीत बुडवून बाप्तिस्मा. दिवाळीनंतर पाणी निवळलं की पाळकसाहेब कंबरभर पाण्यात उभे राहायचे आणि आम्ही काठावर कुडकुडत. माझा १९८१ साली झाला.

यंदा ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात उपासना आहे. मंडळीतल्या गेलेल्यांची नावं तिथं वाचायची असं पंचांनी ठरवलंय. शाळेतून रिटायर झालेली, अक्षर बरं, म्हणून यादी माझ्या गळ्यात पडली.

रजिस्टर घेऊन बसले. लाल कापडी पुठ्ठ्याचं, एका कोपऱ्याला वाळवी लागलेली. नाव, बापाचं नाव, बाप्तिस्म्याची तारीख, शेरा. माणूस गेला की शेऱ्यात लाल शाईनं ‘प्रभूत निजला’. माझ्या बाबांच्या नावापुढं शाई इतकी फुटलीय की ‘निजला’चा नुसता डाग उरलाय.

अडचण अशी की या वहीत फक्त बुडालेली माणसं आहेत (आमच्यात हा विनोद जुनाच). माझा धाकटा भाऊ अकरा महिन्यांचा, गोवरात गेला, तो नाही. आणि घंटावाला मामा नाही. चर्चसमोरच्या निंबाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलाय, तो मामानं तीसेक वर्षं दर रविवारी वाजवला. स्वतः मात्र दाराशी, चपलांजवळ बसायचा. बाप्तिस्मा घेतलाच नाही. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं. पोरगं नोकरीला लागायचं होतं, आणि १९५० च्या आदेशानं ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीची सवलत राहत नाही. गेला तेव्हा पुरला मात्र आमच्यातच.

पंच म्हणतात, वहीत आहेत तेवढीच वाचा. तुमच्याकडं कसं करतात?

साधा_सभासद

ताई, राग मानू नका, पण पंचांचं अगदीच चुकत नाही. मेलेल्यांसाठी प्रार्थना ही आपली शिकवण नाही. आपण त्यांच्याबद्दल देवाचे उपकार मानतो, तेवढंच. सभासद कोण हे वहीच सांगते. आज मामांचं वाचलं की उद्या प्रत्येक घर आपापला पाहुणा घेऊन येईल. आमच्याकडं असंच झालं होतं, उपासना लांबली अन् नाश्त्याचे पोहे थंड झाले.

जुनी_पानं

पोह्यांचं दुःख समजू शकतो, दादा. पण इंग्रज मिशनरी विल्यम केरी तर पक्का बॅप्टिस्ट ना? मराठी नवा करार १८११ मध्ये त्याच्याच बंगालातल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडला. हा माणूस बंगालात आला १७९३ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी त्याचा पाच वर्षांचा पीटर हगवणीनं गेला. जात जाईल या भीतीनं खड्डा खणायलासुद्धा माणसं मिळेनात. पोर पाच वर्षांचं, म्हणजे आपल्या रीतीनं बाप्तिस्मा झालेलाच नाही. तरी त्याचं नाव सव्वादोनशे वर्षांनी मी इथं लिहितोय. बाकी तुम्ही ठरवा.

टेनेसीतून_नगरकर

मी मूळचा नगरचा, आमच्यात लहानपणीच बाप्तिस्मा, त्यामुळं हा पेच कधी पडला नाही. पण इथं कामावरच्या एका बाईंनी मला त्यांच्या डोंगरातल्या बॅप्टिस्ट चर्चला नेलं होतं. उन्हाळ्याच्या तोंडाला एक रविवार ठरलेला, ‘डेकोरेशन’ म्हणतात. कबरींवरचं गवत काढतात, फुलं ठेवतात, मग झाडाखाली लांब टेबलं मांडून घरोघरचं जेवण. एका कोपऱ्यात नुसते शेतातले दगड रोवलेले, अक्षर एक नाही. मी विचारलं तर एक म्हातारी काठीनं एकेक दगड दाखवत गेली: हे आमच्या आत्याचं पहिलं, हे जुळ्यातलं एक. वही नव्हतीच तिच्याकडं. ताई, रजिस्टर बाजूला ठेवून एकदा घरं फिरा.

पूर्णाकाठची_बाई

दादा, फिरले. तीन संध्याकाळी गेल्या, चहा किती झाला विचारू नका. पंचांशी बोलणंही झालं: वहीतली नावं आधी, मग थोडं थांबून घरोघरची. मामांच्या मुलाला भीतभीत विचारलं, कारण जातीचा दाखला त्याचा. तो म्हणाला, नाव वाचू नका, सुरू करायच्या आधी तो रूळ मला वाजवू द्या.

शेवटी आमच्या गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या काकूंकडं गेले. त्यांचं एक बाळ गेलेलं, एवढंच ऐकून होते. नाव विचारलं. म्हणाल्या, “नाव कुठी ठेवलं होतं बाई, तिसऱ्याच दिवशी गेलं ते.” मी पेन खाली ठेवला. तर माझा हात हलवून म्हणाल्या, “लिही ना. शांतीच्या पाठचा, असं लिही.”

लिहिलंय. यादीत शेवटून दुसरं.