भेट म्हणून पावती
वर कुणीतरी लिहिलंय की दिवाळीला गिफ्टऐवजी आपल्या नावानं दिलेल्या देणगीचं सर्टिफिकेट आलं की फसवल्यासारखं वाटतं, मला पण तसंच वाटलेलं ओ. पुण्याच्या भाच्यानं मागच्या दिवाळीत व्हॉट्सॲपवर पाठवलं, मामा तुमच्या नावानं एका संस्थेला अडीच हजार दिले म्हणून, आणि इकडं आमची ही त्याच्यासाठी शेंगा चटणी, कडक भाकरी अन् चादर बांधून बसलेली! फोनवर छान छान म्हणलं, पण मनात आलं की लेका विचारायचं तरी, सोलापुरात काय गरजू कमी आहेत का.

आणि ८०जी, म्हणजे देणगीवरच्या इन्कम टॅक्स सवलतीबद्दल कुणी विचारलंय की ती कुणाला मिळते, तर सर्टिफिकेटवर नाव आपलं असलं तरी सूट पैसे भरणाऱ्यालाच, ती पण जुन्या टॅक्स रिजीममध्येच, आणि २००० च्या वर कॅश दिली तर तीही नाही.

यंदा भाच्यानं आधी फोन केला. मी म्हणलं, सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगारांची पोरं बसतात त्या अभ्यासिकेला स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन दे. दिली पठ्ठ्यानं, मीच नेऊन पोचवली.