तीन दिवसांच्या बाळाच्या ईसीजीवर ‘उजव्या जवनिकेची वाढ’ असा शेरा

प्रश्न – वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय
पूर्ण दिवसांच्या बाळाला तिसऱ्या दिवशी हलका मर्मर (हृदयातील रक्तप्रवाहाचा जादा आवाज) ऐकू आला, म्हणून ईसीजी काढला. बाळ नीट दूध पिते, ओठ गुलाबी आहेत आणि उजव्या हातावर व पायावर ऑक्सिजन ९७ टक्के आहे. ठोके मिनिटाला १४०, अक्ष (हृदयातील विद्युत प्रवाहाची एकूण दिशा) अधिक १३० अंश, व्ही-१ मध्ये (छातीवरच्या उजवीकडच्या लीडमध्ये, म्हणजे तिथल्या इलेक्ट्रोडच्या नोंदीत) आर हे वरचे टोक १४ मिलिमीटर आणि टी लहर सरळ वर. यंत्राने मात्र वरचा, म्हणजे उजवी जवनिका (हृदयाचा खालचा कप्पा) वाढल्याचा, शेरा छापला असून तो वाचून बाळाचे वडील हादरले आहेत. बाळाला पुढे पाठवावे का?

उत्तर – बालरोगतज्ज्ञ
यंत्रात वय भरले होते का, हे आधी पाहावे. ते भरले नसेल, तर यंत्र प्रौढांचे निकष लावते. गर्भात फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्या आकुंचित असल्याने उजव्या जवनिकेवर मोठा भार असतो, त्यामुळे जन्मतः तिची भिंत डावीइतकीच जाड असते आणि आपण दिलेले सारे आकडे या वयाला साजेसे आहेत. लक्ष ठेवायचे ते टी लहरीवर. पहिल्या आठवड्यात ती व्ही-१ मध्ये उलटायला हवी. सात दिवसांनंतरही वरच राहिली, तर मात्र यंत्राचा शेरा गंभीरपणे घ्यावा लागेल.

उत्तर – बालहृदयरोगतज्ज्ञ
वरील मताशी सहमत आहे. अक्ष अधिक १३० ऐवजी डावीकडे वर, म्हणजे लीड एकमध्ये क्यूआरएस (जवनिकांची विद्युत लहर) वर आणि एव्हीएफ या लीडमध्ये खाली असता, तर मी त्याच दिवशी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांगितले असते, कारण तसा अक्ष एव्ही कॅनाल दोषात (हृदयाच्या मधल्या पडद्याचा व झडपांचा जन्मजात दोष) आणि ट्रायकस्पिड अट्रेसियात (उजव्या बाजूची झडप तयारच न होणे) दिसतो. छातीवरच्या लीड अर्ध्या मापाने, म्हणजे एका मिलिव्होल्टला ५ मिलिमीटर, काढल्या असतील तर आर प्रत्यक्षात २८ होतो, म्हणून कागदावरचा कॅलिब्रेशनचा, म्हणजे एका मिलिव्होल्टची उंची दाखवणारा, चौकोन मोजून पाहावा. शिवाय एवढ्याशा छातीवर दोन इलेक्ट्रोडची जेली एकमेकांत मिसळली, की शेजारच्या लीड सारख्याच दिसू लागतात.

प्रश्नकर्ते
चौकोन १० मिलिमीटरचा आहे, मात्र वय भरलेले नव्हते. वडिलांना तो कागद समोर ठेवूनच समजावले. आठव्या दिवशी पुन्हा ईसीजी काढतो.

उत्तर – बालहृदयरोगतज्ज्ञ
ईसीजी चांगला आला, तरी मर्मरचे उत्तर त्यातून मिळत नाही. आजच जांघेतील नाडी दोन्ही बाजूंनी चाचपावी. ती क्षीण लागली, तर आठव्या दिवसाची वाट न पाहता बाळाला इकोसाठी पाठवावे.