शाईपेनाला झेपेल अशी वही नाशकात कुठे मिळेल?

सिडकोवाली:
मंडळी, एस.वाय. बी.एस्सी.ला आहे, विषय केमिस्ट्री. गेला महिनाभर सगळं शाईपेनाने लिहितेय. पेन अगदी साधं, ड्रॉपरने शाई भरायची, शाई कॅमलची रॉयल ब्लू. बॉलपेन दाबून दाबून दुखणारी बोटं गप्प बसली आहेत. अक्षरही सुधारलंय, आईच्या भाषेत "आता वाचता तरी येतं".

घोडं अडलंय वहीपाशी. दोनशेपानी लाँगबुकात शाई अशी फुटते की 'म' कुठला नि 'भ' कुठला कळत नाही. बेन्झिनची रिंग मागच्या पानावर उलटी उमटते. बरं तर बरं, ती दोन्हीकडून सारखीच दिसते! दुकानदार म्हणाले, जास्त जीएसएमची घ्या. ७० ची घेतली, तीच रड. उलट दादाच्या ऑफिसातून आलेल्या पाठकोऱ्या कागदांवर पेन सुरेख चालतं. पण सुटे कागद सांभाळायचे कुणी?

बाकी महिना झकास. सावानातून, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयातून, 'स्मृतिचित्रे' आणलं. लक्ष्मीबाई टिळक म्हटलं की सगळे त्यांच्या सोसण्याबद्दल बोलतात. बाई किती मिश्कील आहेत हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. वडिलांच्या सोवळ्यापायी घरादाराचे झालेले हाल वाचताना फस्सकन हसू येतं, मग त्या घरातल्या बायका आठवतात. जन्म जलालपूरचा, म्हणजे आपल्या नाशिकजवळचाच. अभ्यासाला 'कॉल ऑफ द व्हॅली', १९६७ ची रेकॉर्ड: शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. सुरुवात अहीर भैरवने, शेवट पहाडीने. शब्द नसल्यामुळे रिअॅक्शन लिहिताना मधेच गाणं लिहिलं जात नाही.

तर वही सुचवा. आणि तुमच्या महिन्यात काय काय होतं तेही लिहा.

पाठकोरा:
जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन, बास. शाई फुटणार की नाही हे ठरतं साइझिंगवर. कागद करताना स्टार्चसारखं काहीतरी लावून त्याचं शोषणं कमी करतात. त्यात कंजुषी केली की धागे शाई ओढून घेतात, मग कागद ७० चा असो की ९० चा. झेरॉक्सचा कागद साधारण ७५ चा असतो, पण साइझिंग बरं असतं, म्हणून दादाचे कागद चालतात.
दुकानात पेन घेऊन जा. दुकानदाराला विचारून शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात निब क्षणभर टेकवून धरा. टिंबाला पाय फुटले की वही परत ठेवा. मी तर वही घेणंच सोडलं. झेरॉक्सचं रीम आणतो, मधोमध दुमडतो आणि ओळखीच्या बाइंडिंगवाल्याकडून शिवून घेतो. रेघा नसतात, त्याची सवय होते.

पंचवटीकर:
सिडकोवाली ताई, जर्नलला रॉयल ब्लू नको. पाणी लागलं की धुऊन जाते आणि आपल्याकडचा जुलै तुम्हाला ठाऊक आहे. जर्नलला पर्मनंट शाई घ्या, नोट्सना खुशाल रॉयल ब्लू वापरा.
माझा महिना गीतरामायणात गेला. गदिमा-बाबूजींची ५६ गाणी, १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक. मी रोज संध्याकाळी एकच ऐकतो, सगळी सलग लावून संपवायची चीज नाही ती. अभ्यासाला मात्र शब्द नकोत, हे मान्य.

सिडकोवाली:
@पाठकोरा, टिंबाची युक्ती घरच्या वह्यांवर करून पाहिली, एक सोडून सगळ्या नापास. पास झाली ती दादाची शाळेतली चित्रकलेची वही. लॅबमध्ये काळ्या शाईचा ठिपका फिल्टर पेपरवर देऊन कड पाण्यात बुडवली. निळा, जांभळा आणि टोकाला पिवळसर पट्टा, असा एकेक रंग सुटा झाला. शाई फुटते तेव्हा वहीत हेच होत असणार, फक्त तिथे मार्क मिळत नाहीत.
@पंचवटीकर काका, जर्नलची शाई बदलली. शिवलेल्या वहीला बाइंडिंगवाले साधारण किती घेतात?

डावरा:
आधी आम्हा डावखुऱ्यांचं बघा. लिहू तिकडे हात ओल्या शाईवरून घासत जातो, करंगळी रोज निळी.

पाठकोरा:
डावरा, वही जरा उजवीकडे तिरकी ठेवा आणि मनगट ओळीच्या खाली धरून लिहा, बराच फरक पडतो. निब बारीक घ्या, शाई कमी सुटते आणि लवकर वाळते.
ताई, बाइंडिंगचा भाव पानांवर आणि पुठ्ठ्यावर असतो. कागद आपला नेला तर स्वस्तात पडतं. तीन-चार वह्या एकदम टाका, एकट्या वहीला ते नाक मुरडतात.