मदत हवी आहे: गाडी चालता चालता बंद पडते

अडलाहरी
गाडी चालता चालता बंद पडते. दहा-पंधरा मिनिटं थांबलो की जणू काही झालंच नाही अशी सुरू होते. पेट्रोल आहे, बॅटरी नवी आहे. मेकॅनिकने प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, आता म्हणतो पंप बदलू. पंप बदलूनही बंद पडली तर? शनिवारी लांब जायचंय. नक्की कारण सांगा. 'जवळच्या मेकॅनिकला दाखवा' नको, दाखवून झालंय.

ग्रीसचा_डाग
कुठल्या सालची गाडी? कार्ब्युरेटर की इंजेक्शन? किती चालवल्यावर बंद पडते? आचके देत पडते की स्विच बंद केल्यासारखी? यातलं काहीच लिहिलेलं नाही, आणि नक्की कारण हवंय.

कार्ब्युरेटरप्रेमी
व्हेपर लॉक. डोळे मिटून सांगतो. पेट्रोलचा हलका भाग 35-40 अंशांलाच उकळायला लागतो. बॉनेटखाली नळी तापते, आत वाफ होते, पंप वाफ ओढत बसतो. थंड झालं की परत सुरू. ओलं फडकं पंपावर टाका, दोन मिनिटांत स्टार्ट. माझी 1989 ची आहे, कपड्यांचे लाकडी चिमटे लावलेत नळीवर. एकदाही अडली नाही.

ग्रीसचा_डाग
चिमट्यांनी काही होत नाही हो. ते लावेपर्यंत इंजिन थंड होतं, तेवढंच. आणि तुमचा पंप इंजिनवर बसून पेट्रोल *ओढतो*, ओढताना दाब कमी, म्हणून ते लवकर उकळतं. इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीतच असतो, तो *ढकलतो*. नळीत 3 बारच्या आसपास दाब असतो, तिथे इतक्या सहज वाफ होत नाही. आधी गाडी कुठली ते कळू द्या.

कार्ब्युरेटरप्रेमी
तीस वर्षं गाड्या उघडतोय. दाब मलाही कळतो.

शंकासुर
माझी स्कूटर सकाळी चोक ओढल्याशिवाय सुरू होत नाही. इथेच विचारू की वेगळा धागा काढू?

अडलाहरी
2003 ची, पेट्रोल, इंजेक्शन. अर्धा-पाऊण तास चालली की बंद पडते. रोज नाही. आता सांगा.

मीटरवाला
क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा. तापला की आतली तार सुटते, सिग्नल जातो, थंड झाला की परत जुळते. पण पैसे घालायच्या आधी एक बघा. गाडी गिअरमध्ये पळत असताना बंद पडली की चाकं इंजिनाला फिरवत असतात. त्या क्षणी आरपीएमचा काटा कसा पडतो? चाकं फिरत असूनही धाडकन शून्यावर आला तर सेन्सर किंवा इग्निशन. गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला तर ठिणगीचा संशय कमी, इंधनाकडे वळा. क्लच दाबलात तर मात्र यातून काही कळणार नाही.

निवांत
वीस वर्षं उलटून गेली की गाडीला, विकून विजेची घ्या. पंप नाही, प्लग नाही, कटकट नाही.

कार्ब्युरेटरप्रेमी
आणि बॅटरी गेली की? तिला कुठलं फडकं लावायचं?

निवांत
निदान चिमटे तरी लागत नाहीत.

अडलाहरी
विकायची असती तर इथे कशाला आलो असतो? आज परत बंद पडली. क्लच दाबला नाही. काटा हळूहळू उतरला. आधी चढावर पिकअप गेला, मग तीन-चार आचके, मग संपलं. बंद पडायच्या आधी मागच्या सीटखालून चिरका आवाज येत होता. घुंईऽऽ असा.

ग्रीसचा_डाग
हे पहिल्या दिवशी लिहिलं असतं तर! इंधनच कमी पडतंय. तो चिरका आवाज पंपाचा, त्याला ओढायला पेट्रोल मिळत नाहीये. आता नीट आठवून सांगा: टाकी कमी असताना जास्त बंद पडते की भरलेली असताना?

अडलाहरी
भरलेली असताना. म्हणून तर मला वाटत होतं पेट्रोलमध्येच भेसळ आहे. तळाला आली की उलट छान चालते. मेकॅनिक हे ऐकून हसला, म्हणाला असं कधी होत नाही.

ग्रीसचा_डाग
होतं. पंप तापत असता किंवा तळातला कचरा जाळीवर बसत असता तर टाकी *रिकामी* होताना त्रास वाढला असता. तुमचं उलटं आहे. जेवढं पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला हवी. ती आली नाही तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला त्या ओढीविरुद्ध काम करावं लागतं. भरलेल्या टाकीत वर हवेला जागा थोडी, त्यामुळे थोडं पेट्रोल गेलं तरी दाब झटकन उतरतो. अर्धी रिकामी टाकी बराच वेळ तग धरते. पुढच्या वेळी बंद पडली की गाडी बाजूला घ्या, किल्ली काढा आणि थांबून न राहता लगेच टाकीचं झाकण उघडा. कान जवळ ठेवा, विडी-सिगरेट लांब.

शंकासुर
आणि चोकचं?

अडलाहरी
झाकण तर नवीन आहे. जुनं पेट्रोल पंपावरच राहिलं, म्हणून दोन महिन्यांपूर्वी किल्लीचं बसवलं. घट्ट बसतं एकदम, वासही येत नाही.

ग्रीसचा_डाग
आणि गाडी कधीपासून बंद पडते?

अडलाहरी
…साधारण दोन महिने.

मीटरवाला
थांबा, एवढ्यावर झाकणाला फाशी नको. या गाड्यांत टाकीची हवा पेट्रोलची वाफ धरणाऱ्या कोळशाच्या डब्यातून, म्हणजे कॅनिस्टरमधूनही येते. तो रस्ता मोकळा असता तर झाकणात हवा आत घेणारी झडप नसूनही चाललं असतं. म्हणजे दोन्ही वाटा बंद आहेत. जुन्या झाकणाची झडप इतके दिवस कॅनिस्टरचं पाप झाकत होती. कॅनिस्टरच्या हवेच्या नळीचं तोंड बघा.

कार्ब्युरेटरप्रेमी
झाकण उघडलं की वाफच सुटणार. मी तेच म्हणत होतो.

मीटरवाला
वाफ बाहेर येते, इथे हवा आत जाते. दिशा बघा की राव.

अडलाहरी
सूंऽऽऽऽ! तब्बल पाच-सहा सेकंद, आणि *आत*. तळहात धरला तर खेचला जात होता. वर मागून 'टंग' असा आवाज आला, टाकीचा पत्रा परत फुगला बहुतेक. पंधरा मिनिटं थांबलो नाही, लगेच स्टार्टर मारला, पहिल्या झटक्यात सुरू.
मग घरी गाडीखाली शिरलो. कॅनिस्टरच्या नळीच्या तोंडात मातीचा बूच. कुंभारीण माशीचं घर आहे, सुकून दगड झालंय. स्क्रूड्रायव्हरने टोकरलं तर आतून वाळक्या कोळ्यांचा चुरा पडला.

ग्रीसचा_डाग
नळी डब्यापासून सोडवून साफ करा. डब्याच्या दिशेने हवा मारू नका, माती कोळशात जाईल. आणि ते झाकण बदलाच, तुमच्या गाडीसाठीचं झडपवालं घ्या. सैल झाकण ठेवून शनिवारी निघू नका. वळणावर पेट्रोल सांडतं, आणि वाफ कुठे पेटेल सांगता येत नाही.

मीटरवाला
पंपाचा दाबही गेज लावून तपासा. दोन महिने उपाशी पळालाय, पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. दाब ठीक असेल तर बदलू नका.

अडलाहरी
नळी साफ केली, मेकॅनिककडून झाकण घेतलं. गेजवर दाब बरोबर आला, पंप तोच ठेवला. टाकी गळ्यापर्यंत भरून दोन तास फिरवली, एक आचका नाही. मेकॅनिक म्हणतो त्याला आधीपासून झाकणाचाच संशय होता.

निवांत
ठीक. पण पुढच्या वेळी तरी विजेची बघा.

शंकासुर
चोकचं राहू द्या. माझ्या स्कूटरच्या झाकणाला बारीक भोक होतं, पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून मी ते मागच्या वर्षी मेणाने बुजवलं. काल अर्ध्या तासाने वाटेत बंद पडली. ही माशी मेण खाते का?