डेव्हनमधल्या जुन्या पबचे 1919 आधीचे चालक कसे शोधायचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडमध्ये, डेव्हन परगण्यातल्या एक्सेटर शहरात राहते. डार्टमूर या माळरानाच्या कडेला ड्रूस्टेन्टन गावात, चर्चला खेटून, गवती छपराचा ‘ड्रू आर्म्स’ हा पब आहे. मेबल मज या बाईंनी तो 1919 ते 1994 असा पंचाहत्तर वर्षं चालवला. निवृत्त झाल्या तेव्हा वय 99! काउंटर नव्हताच. आतल्या खोलीत पिंपं, तिथूनच ग्लास भरायचा आणि भिंतीतल्या खिडकीतून बाहेर द्यायचा.

मला त्यांच्या आधीच्यांची नावं हवी आहेत. पबचं जुनं नाव ‘ड्रुइड आर्म्स’. जवळच कासल ड्रोगो बांधणाऱ्या ड्रू घराण्यावरून ते 1920च्या दशकात बदललं (वास्तुकार आपल्या नवी दिल्लीचेच लट्येन्स). म्हणजे शोध जुन्या नावानेच घ्यायला हवा. शिवाय इथे ‘लँडलॉर्ड’ म्हणजे पब चालवणारा. इमारत बहुतेक वेळा दुसऱ्याच्या मालकीची असते. सुरुवातीला मी मालकीची कागदपत्रंच चाळत बसले आणि दोन आठवडे फुकट गेले.

1753च्या कायद्याने पबच्या दारूविक्री परवान्यांची नोंदवही ठेवणं सक्तीचं झालं, 1828 नंतर ती सक्ती गेली आणि 1872 पासून पुन्हा आली. मधल्या चव्वेचाळीस वर्षांसाठी 1841 पासूनची जनगणना आणि व्यापारी डिरेक्टऱ्या (गावोगावच्या व्यावसायिकांच्या छापील याद्या), एवढंच मला सुचतंय.

माझे प्रश्न:

जुन्या नोंदींत बऱ्याचदा माणसाचं नाव आणि गाव असतं, पबचं नाव नसतं. मग तो माणूस याच पबचा, हे कशावरून ठरवायचं?

नवरा वारल्यावर परवाना विधवेच्या नावावर झाल्याची नोंद नेमकी कुठे सापडते? नवरा हयात असताना पब प्रत्यक्षात बायकोच सांभाळत होती, हे कुठल्या कागदावरून कळू शकेल?

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा आहे. माझ्या आजीने मिरजेत तेवीस वर्षं खाणावळ चालवली. पहाटे चारला चूल पेटवायची, चाळीस डबे भरायची. भाडेचिठ्ठीवर नाव मात्र आजोबांचं. मेबलबाईंचं नाव तरी राहिलं. त्यांच्या आधी त्या खिडकीशी कोण उभ्या होत्या, ते मला शोधायचंय.

इंग्लंडमधल्या अभिलेखागारात कुणी असं काम केलं असेल, तर कृपया सांगा. पुढच्या महिन्यात डेव्हन हेरिटेज सेंटरला (इथलं परगण्याचं अभिलेखागार) जाणार आहे. तिथे आधी कोणते दस्त मागू?